चंद्रोदयाचं यंत्र

खोली भाड्यानं मागायला गेले, तेव्हा मास्तरांनी मला ना नाव विचारलं, ना गाव. एक जाडजूड पुस्तक हातात दिलं आणि म्हणाले, "वाचा."

पुस्तकात अक्षर म्हणून नव्हतं. पानच्या पान नुसते आकडे. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई, अमरावतीला मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली. गणिताशी माझं मॅट्रिकलाच फाटलं होतं. मी चाचरत विचारलं, "काय वाचू?"

"दिसते ते. एकेक आकडा सुटा. घाई करू नका."

मी वाचायला लागले. शून्य, तीन, सात, आठ, एक, शून्य, चार. मास्तर ओसरीवर डोळे मिटून बसले होते. अर्धं पान झाल्यावर त्यांनी हात वर केला. "पुरे. शेवटचा आकडा सांडत नाही तुमी. राहा."

"अहो, भाडं तं सांगा त्यांले," आतून आवाज आला.

"ते तू सांग. मले त्यातलं समजत नाही."

पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या. किरकोळ बांधा, डोळ्यांखाली काळं, आणि आवाज मात्र खणखणीत. मी अकोल्याची म्हटल्यावर "माय वं, माह्या माहेरची पोरगी!" म्हणून त्या माझी ट्रंक स्वतःच उचलायला धावल्या. मास्तरांचा चेहरा मात्र जरा पडला.

"अकोला," ते म्हणाले. "म्हणजे तीन मिनिटं उशीर."

हे तीन मिनिटांचं प्रकरण पुढं मला दिवसातून दोनदा ऐकायला मिळालं. अमरावती अकोल्याच्या पूर्वेला. त्यामुळे सूर्य आधी अमरावतीत उगवतो आणि तीन मिनिटांनी अकोल्यात. मास्तरांच्या लेखी यात अमरावतीचं काहीतरी कर्तृत्व होतं. काकूंना सकाळी उठायला जरा उशीर झाला की ते म्हणत, "तुह्या माहेरी सूर्य बी उशिराच उठते, तुले काय म्हणू." त्यावर काकू चुलीपुढून म्हणत, "उशिरा उठते, पण उठल्या उठल्या कोणाचं डोकं खात नाही."

एकदा तर त्यांनी स्वतःच्या लग्नाचं गणित मांडलं. लग्न अकोल्याला, गोरज मुहूर्तावर लागलेलं, आणि मुहूर्त छापील पंचांगातला. "ते पंचांग मुंबईचं. म्हणजे आपलं लग्न मुहूर्त टळल्यावर सतरा मिनिटांनी लागलं," त्यांनी जाहीर केलं. काकू म्हणाल्या, "म्हणूनच टिकलं."

गावात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. घराणं भिक्षुकीचं, वडील घरोघरी पंचांग सांगत. मास्तरांनी पूजा सांगायची सोडली आणि तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. देवावर त्यांचा विश्वास किती होता ते देवालाच ठाऊक, पण आकाशावर पूर्ण होता. कोटाच्या उजव्या खिशात खडू आणि डाव्या खिशात घड्याळ. बोलता बोलता खडू बाहेर यायचा आणि समोर सापडेल त्यावर गणित सुरू व्हायचं. ओसरीची फरशी, कोठीचं दार, एकदा माझ्या ट्रंकेचं झाकण. मधे कुणी बोललं की म्हणत, "थांबा, हातचा सांडल." पाहुणा असो की दारात आलेला पोस्टमन, तो बिचारा थांबायचा.

त्या दिवसांत वऱ्हाड मुंबई राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली होती. चौकाचौकात त्यावर वाद चालायचे. मास्तरांचा वाद सगळ्यांहून वेगळा होता. "राज्य कोणतंही करा, पण चंद्रानं मुंबईची वेळ कावून पाळावी?" ते विचारत. गल्लीत जे छापील पंचांग चालायचं, त्यातल्या वेळा मुंबईच्या. चंद्र आधी अमरावतीला उगवतो आणि त्यानंतर सुमारे वीस मिनिटांनी मुंबईला. गावागावाचा फरक कसा काढायचा ते पंचांगात बारीक अक्षरांत दिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. बाया वेळ पाहतात आणि पुस्तक मिटतात.

काकूही तेच करायच्या. त्यांचा संकष्टी चतुर्थीचा नेम लग्नाआधीपासूनचा होता. दिवसभर उपास, रात्री चंद्र उगवला की त्याला अर्घ्य द्यायचं आणि मग जेवायचं. प्रकृती तोळामासा. पित्त चढायचं, चक्कर यायची, फार वेळ उपाशी राहू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण पुस्तकात दिलेली वेळ झाल्याशिवाय त्या चंद्राकडे पाहतच नसत. वेळेआधी दिसला तर तो पाहिल्याचा दोष, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गच्चीवर चटई टाकून त्या पूर्वेकडे पाठ करून बसायच्या.

एका चतुर्थीला अशा बसल्या बसल्याच त्या कलंडल्या. मास्तरांनी पाणी मारलं, उठवून बसवलं, आणि मान वर करून पाहतात तर चंद्र पूर्वेच्या कापूस कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, टिनांवर चांगला हातभर चढलेला. हे मला सांगतानाही त्यांचा आवाज चढला. "चंद्र येऊन बसला होता, बाई! अन् ही उपाशी. कशापायी? तं पुस्तकात नाही म्हणून!"

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, अमरावतीचा चंद्रोदय आपण काढायचा. मी एकदा म्हटलं, "मास्तर, पुस्तकातल्या वेळेतून वीस मिनिटं वजा केली की झालं की." ते दुखावल्यासारखे माझ्याकडे पाहत राहिले. "कधी अठरा असते, कधी बावीस. अंदाजानं लोक भाजी घेतात, बाई. ही दिवसभर उपाशी राहते, अन् मी तिले अंदाज देऊ?"

हातानं करायचं तर एका चंद्रोदयाला तीन दिवस लागत आणि अकरा पानं. निवृत्तीनंतर मास्तरांचे महिन्यातले तीन दिवस असे जायला लागले. मग ते यंत्र आलं.

ते कसं आलं हे काकूंच्या तोंडून ऐकावं. "माह्या भाचीचं लग्न अकोल्याले. हे म्हणाले, चक्कर मारून येतो. तिथं कोण्या सरकारी कचेरीच्या जुन्या सामानाचा लिलाव होता. लग्न राह्यलं बाजूले! माह्या मायनं माह्यासाठी गोधडी देल्ली होती, तिच्यात गुंडाळून आणलं. बडनेऱ्याले गाडी बदलली तं हमालाच्या हाती देल्लं नाही, म्हणे हमाल हलवते. मी पाह्यलं, गोधडीत काहीतरी जड आहे. म्हटलं, शिवणाची मशीन आणली वाटते. हौसेनं सोडून पाहते तं हे!"

हे म्हणजे एक काळंभोर लोखंडी धूड. वजन पंधरा-वीस शेर. पुढं आकड्यांच्या खुंट्या, खाली बारीक खिडक्या, उजवीकडे हँडल. खुंट्या सरकवून आकडा लावायचा आणि हँडल फिरवायचं. पुढं फिरवलं की बेरीज, मागं फिरवलं की वजाबाकी, आणि पुन्हा पुन्हा फिरवलं की गुणाकार. खिडक्यांत उत्तर येई. आज घरोघर टेबलावर कॉम्प्युटर असतात. आमच्या गल्लीतला हा पहिला, आणि तो कुणाचे पैसे मोजायला आणलेला नव्हता. बायकोला वीस मिनिटं लवकर जेवता यावं म्हणून आणला होता.

दर महिन्यात चतुर्थीच्या आधीचा रविवार माझ्या वाचनाचा. मी त्याच जाडजूड पुस्तकातल्या कोष्टकांचे आकडे सुटे सुटे वाचायची, मास्तर खुंट्या सरकवत आणि हँडल मारत. खर्रर्र टक, खर्रर्र टक. तीन दिवसांचं काम सकाळपासून दुपारपर्यंत व्हायला लागलं. मग मास्तर दाराबाहेर एक पाटी टांगत. "आज अमरावतीचा चंद्रोदय", आणि खाली वेळ.

पहिले दोन महिने गल्ली हसली. तिसऱ्या महिन्यात समोरच्या वकिलीणबाईंनी पाटीची वेळ धरून गच्चीवर जाऊन पाहिलं, आणि चंद्र खरंच तिथं होता. झालं. उपाशी माणसाला वीस मिनिटं म्हणजे काय, हे उपाशी माणूसच जाणे. चार-सहा घरांतल्या बाया पाटीवर जेवायला लागल्या. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या काकू मात्र गच्चीवर पूर्वेकडे पाठ करून पुस्तकाच्या वेळेची वाट पाहत बसलेल्या.

मास्तरही शेजारी बसायचे. चिडून, पण बसायचे. चटईवर खडूनं काढता येत नाही म्हणून बोटानं हवेत आकडे काढत. "मुंबई कुठी, अमरावती कुठी. पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे. मंग आधी कोणाले दिसल? सांग ना." काकू म्हणत, "तुमीच सांगा." मास्तर पुन्हा पहिल्यापासून सांगत. ताट झाकलेलं असे. वेळ झाली की काकू उठत, वळत, चंद्राला हात जोडत, आणि मास्तर "वीस मिनिटं वाया" म्हणून घड्याळ खिशात टाकत.

त्या वर्षी दसऱ्याला काकूंनी पाटावर विळी, कात्री, मास्तरांचा कंपास मांडला, आणि मधोमध यंत्र. "वर्षभर घरघर करते बिचारी. तिले बी एक दिवस मान," त्या म्हणाल्या. हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं, वरून मूठभर अक्षता. मास्तर म्हणाले, "लोखंडाले काय समजते?" आणि कुणी पाहत नाही असं वाटल्यावर त्यांनी हात जोडले.

चतुर्थी नऊ दिवसांवर होती. रविवारी आम्ही बसलो, मी वाचलं, त्यांनी हँडल मारलं, उत्तर आलं सात चोपन्न. मला ते फारच लवकरचं वाटलं. मी भीतभीत म्हटलं, "मास्तर, एकदा पुस्तकात पाहायचं का?"

"दुसऱ्याची वही पाहून उत्तर लिहायचं नसते, बाई," ते म्हणाले. मी गप्प बसले. ती गोष्ट मला अजून खाते.

चतुर्थीच्या संध्याकाळी परतीच्या पावसाचं आभाळ भरून आलेलं. पूर्वेला काही दिसत नव्हतं, पण पाटी होती. सात चोपन्नला गल्लीतल्या बायांनी ढगांना अर्घ्य दिलं आणि पानं वाढली. आम्ही तिघं गच्चीवर. पुस्तकात आठ बावन्न.

"आज तं तासाचा फरक आहे!" मास्तर घायकुतीला आले. "जेव ना वं. पुन्हा चक्कर येईल."

"बसा जरा. तुमाले कुठी जायचं आहे?" काकू म्हणाल्या.

सव्वाआठच्या सुमारास वारा सुटला आणि पूर्वेचं आभाळ फाटलं. चांदण्या दिसायला लागल्या. चंद्र नव्हता. मास्तर बोलता बोलता थांबले. आठ पस्तीस-चाळीसला जिनाच्या टिनांमागून तो वर आला, लालबुंद, कुणाला फसवलं याची दाद नसलेला.

खालून वकिलीणबाईंचा आवाज आला. गालात विडा असावा. "ओ मास्तर! हा कोणता चंद्र उगवून राहिला? मंग आमी जेवलो तवा कोणता होता?"

मला हसू फुटलं, आणि मास्तरांचा चेहरा पाहून तिथंच विझलं. वकिलीणबाईंचा एकवीस संकष्ट्यांचा नेम होता, आजारी मुलासाठी बोललेला. ही एकोणिसावी. आता पुन्हा पहिलीपासून. दुसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज ओला झाला. मास्तर जिना उतरून गल्लीत गेले, त्यांच्या ओट्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माही आहे. तुमचा नेम मी मोडला." मग पाटी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि काखेत धरून घरात आले. त्या माणसाला चूक कबूल करताना तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

काकू वर तशाच बसल्या होत्या. त्या आठ बावन्नला जेवल्या. मास्तर जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र उघडलं. मी शाळेत निघाले होते, त्यांनी हाक मारली आणि तळहात पुढं केला. तळहातावर तांदळाचा एक दाणा होता. हळदीनं पिवळा.

"तिसऱ्या घरात अडकला होता," ते हळू बोलले. "हातचा पुढं जातच नव्हता."

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकू आत भाकरी थापत होत्या. "म्हणजे मास्तर, चूक तुमची नव्हतीच!"

"माहीच. यंत्र आलं अन् मी ताळा घेणं सोडलं. तीस वर्षं पोरांचे कान धरून सांगतलं, ताळा घ्या, ताळा घ्या." मग आवाज आणखी खाली आणला. "हिले सांगू नका. हौसेनं पूजा केली तिनं." आणि पुरावा नष्ट करावा तसा तो दाणा त्यांनी तोंडात टाकला.

पाटी पुन्हा टांगली गेली नाही. गल्ली परत पुस्तकावर गेली. मास्तरांना मात्र चैन पडेना. यंत्र लहान पडते, घरं कमी आहेत, वरून उघडं आहे म्हणून धूळ जाते, असं ते येता-जाता सांगायला लागले. उघडं आहे हे सांगताना माझ्याकडे पाहत. नागपूरच्या एका विमा कचेरीनं विजेवरची यंत्रं घेतली आणि हातानं चालवायची काढली, असा त्यांना सुगावा लागला. मी म्हटलं, विजेवरचंच का नाही घेत? ते म्हणाले, "आपल्या गल्लीत वीज टिकते का? त्यापेक्षा माहा हात बरा."

अडचण एकच होती. निवृत्त झाल्यावर काकूंना चिखलदऱ्याला न्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. काकूंनी अमरावती आणि अकोला यांपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. मडक्यात साठवावेत तसे चिखलदऱ्याचे पैसे एका डब्यात साठत होते. मास्तर दोन दिवस डब्याभोवती घुटमळले. शेवटी काकूंनीच डबा काढून पुढ्यात ठेवला. "जा. घेऊन या ते. चिखलदरा काही पळून चालला नाही, पण तुमचं डोकं पळून जाईल."

दुसरं यंत्र आलं. जास्त घरांचं, चकचकीत, आणि वर घट्ट बसणारं पत्र्याचं झाकण. जुनं यंत्र काढून टाकायचं असं मला वाटलं होतं, पण मास्तरांनी ते माझ्यापुढं ठेवलं. आता एकच गुणाकार दोघांनी करायचा, त्यांनी नव्यावर आणि मी जुन्यावर, आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच पुढं जायचं. गणित सोडलेली मी, रविवारी सकाळी हँडल मारत बसले. काकू म्हणाल्या, "घरात दोन-दोन चक्क्या, अन् पीठ मूठभर नाही."

"तीन दिवसांचं काम दोन तासांत होते आता," मास्तरांनी त्यांना अभिमानानं सांगितलं.

"मंग उरलेला वेळ कुठी ठेवता?" काकूंनी विचारलं.

मास्तरांनी खिशात हात घालून खडू चाचपला. चार दिवसांनी त्यांनी काकूंच्या हातात एक कागद दिला. चिखलदऱ्याचे अख्ख्या मे महिन्याचे सूर्योदय, दोन्ही यंत्रांवर तपासलेले. काकूंनी तो घडी घालून पंचांगात ठेवला. पुढच्या दसऱ्याला त्यांनी दोन्ही यंत्रांना हळदकुंकू लावलं, माळा घातल्या. अक्षता वाहिल्या नाहीत. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे काकूंनीही पाहिलं.

माझी अकोल्याला बदली झाली तेव्हा निघायच्या आधी मी धीर करून काकूंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "काकू, आता दोन यंत्रं आहेत. मास्तरांची वेळ एका मिनिटानंही चुकत नाही. तुम्ही का नाही त्या वेळेला जेवत? त्यांचा जीव तुटतो."

"मले माहीत नाही का, पोरी?" काकू सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "चंद्र वर आला की समोरच्या भिंतीवर उजेड पडते. मी पाठ करून बसते, आंधळी थोडीच आहे."

"तीस वर्षं हे शाळेत होते. मंग आकड्यात गेले. घरात असून घरात नाही. महिन्यातून एक दिवस माह्याजवळ येऊन बसते. भांडते, हिशेब सांगते, पण बसते. मी त्यांच्या वेळेले जेवली तं हे उठून खाली जातीन." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "वीस मिनिटं उपाशी राह्यल्यानं मी मरत नाही. तू सांगजो नको त्यांले."

माझ्याजवळ आता दोघांची एकेक गोष्ट होती, आणि दोन्ही सांगायच्या नव्हत्या. वर्गात मी मुलींना मोठमोठे तह शिकवायची. या दोघांना समोरासमोर बसवून एवढी साधी गोष्ट एकमेकांना सांगा म्हणायचं मला जमलं नाही. मला दोघांचाही राग आला होता, आणि दोघांवर माझा फार जीव होता.

गाडीवर पोचवायला मास्तर आले. "तीन मिनिटं मागं चालल्या तुमी," म्हणाले. त्यानंतर दर महिन्याला मला एक पोस्टकार्ड यायचं. त्यावर मायना नाही, खुशाली नाही, फक्त "अकोल्याचा चंद्रोदय" आणि वेळ. मी उपास करत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पाच-सहा वर्षं ती कार्डं आली. मग एक कार्ड आलं त्यात चार ओळी होत्या. "ही गेली. तापाचं निमित्त झालं. सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी, सूर्योदयाआधी चार मिनिटं. अमरावतीच्या." त्या शेवटच्या शब्दावर मी ओक्साबोक्शी रडले.

शाळेतून रजा मिळून मी गेले ते तिसऱ्या महिन्यात. पोचायला संध्याकाळ टळली. घराचं दार लोटलेलं, दोन्ही यंत्रांवर झाकणं, चूल थंड. मी गच्चीवर गेले. मास्तर चटईवर बसले होते, काकूंच्या जागी, पूर्वेकडे पाठ करून. शेजारी झाकलेलं ताट. मांडीवर काकूंचं पंचांग, आणि त्यातून तो चिखलदऱ्याचा कागद डोकावत होता. तिकडे जाणं राहूनच गेलं होतं. त्यांच्या पाठीमागं, जिनाच्या टिनांवर, चंद्र चांगला हातभर वर आलेला.

"मास्तर, तुम्ही उपास धरलाय?"

"हो. तिचा नेम आहे."

"चंद्र वर आलाय."

"माहीत आहे. आठ सत्तावन्नले आला. दोन्ही यंत्रांवर तपासलं आहे."

"मग जेवत का नाही?"

"पुस्तकात नऊ सतरा आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी बोट समोर केलं. पलीकडच्या घराची चुन्यानं रंगवलेली भिंत चांदण्यात उजळली होती. तिच्यावर आमच्या कठड्याची सावली पडली होती.

"ती भिंत पाहा, बाई. इथं बसलं की दिसते. मी तिच्या बाजूले बसत होतो, पण तिच्याकडे तोंड करून. भिंत कधी पाह्यलीच नाही. ती गेल्यावर पहिल्या चतुर्थीले इथं बसलो, तवा दिसली. म्हणजे तिले समजत होतं. दर वेळी समजत होतं, चंद्र आला म्हणून. मंग कावून बसून राहत होती ती उपाशी?"

सांगजो नको, असं काकूंनी बजावलं होतं. पण आता ते कुणासाठी जपायचं?

"तुम्ही शेजारी बसायचात म्हणून," मी म्हटलं. "लवकर जेवले तर हे उठून जातील, म्हणाल्या होत्या मला."

मास्तरांनी खिशातून खडू काढला. तो नुसता बोटांत फिरवला आणि परत ठेवला. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, त्याच सोग्यानं डोळे पुसले. मला वाटलं, आता ते ताट ओढतील. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"अजून अकरा मिनिटं आहेत," ते म्हणाले. "बसता ना?"

"बसते," मी म्हटलं.

आम्ही भिंतीकडे पाहत बसलो. थोड्या वेळानं त्यांनी घसा साफ केला आणि हवेत बोट धरून हळू आवाजात सुरू केलं, "मुंबई कुठी, अमरावती कुठी. पृथ्वी फिरते पश्चिमेकडून पूर्वेकडे..." ते माझ्याशी बोलत नव्हते.

नऊ वाजून सतरा मिनिटं झाली, तेव्हा आम्ही दोघं उठलो आणि मागं वळून चंद्राकडे पाहिलं.